स्लॅबचा खालचा इंच

रघुनाथ भेगडेच्या मुलीला उड्या मारायची सवय होती, आणि तिने उडी मारली की खाली माझ्या चहात चुना पडायचा. पंधरा-सोळा वर्षं मी तो चहा प्यायलो. पुढे मुलाच्या लग्नाच्या वेळी हॉलला फॉल्स सीलिंग केलं, तेव्हा चुना पडायचा थांबला आणि धप्प असा आवाज तेवढा राहिला. आता तोही येत नाही आणि त्याला जबाबदार मी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याने माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा ठेवू नये.

चिंचवडमधली आमची समाधान सोसायटी. चार मजले, चोवीस घरं. मी २०३ मध्ये, भेगडे बरोबर माझ्या डोक्यावर, ३०३ मध्ये. दोघं एकाच कारखान्यात होतो. मी क्वालिटीत, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेत होतो. भेगडे हॅमर शॉपमध्ये, तापलेल्या लोखंडावर घण पडतो तिथे. चाळिशीतच त्याचे कान गेले. माझं नाव अच्युत देवस्थळी, पण त्याने मला आयुष्यभर 'क्वालिटी' याच नावाने हाक मारली.

बकुळ ही त्याची एकुलती एक मुलगी. वय चौतीस, समज पाच वर्षांच्या मुलीची. आनंद झाला की ती उड्या मारते. बापाची स्कूटर गेटातून आत आली की तीन-चार, घरात शिरा होत असला की सात-आठ, आणि गणपतीच्या आरतीला मोजदाद नाही. मी जळमटं काढायच्या काठीने बीमवर तीनदा ठोकायचो, म्हणजे 'पुरे' असं सांगायचं. तिला ते आमंत्रण वाटायचं. ती वरून मोजून तीन उड्या मारायची. मग मीच कधी काही कारण नसताना ठोकू लागलो. विजया, माझी बायको, म्हणायची, "तुमच्या दोघांत वेडं कोण ते एकदा ठरवा." भेगडेला स्वतःला तो आवाज ऐकू येत नसे. तो म्हणायचा, "कानाला न्हाई, पण पायाला कळतं मला. पोरगी खूश हाय म्हणून."

आता थोडं निधीबद्दल, कारण सगळं तिथून सुरू झालं.

इमारत माणसासारखीच थकते. गच्ची गळते, पाइप कुजतात, आतलं लोखंड गंजतं. त्यासाठी सोसायटीने दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकायचे असतात, त्याला सिंकिंग फंड म्हणतात. आमच्याकडे तो फ्लॅट बांधला तेव्हाच्या खर्चाच्या पाव टक्का होता आणि एकोणचाळीस वर्षं पाव टक्काच राहिला. खजिनदार झाल्यापासून दर वार्षिक सभेत मी उभा राहून सांगायचो की एवढ्याने नुसती गच्चीही होणार नाही. दर सभेत कुणीतरी म्हणायचं, "पुढच्या वर्षी बघू." मग समोसे यायचे.

मग मागच्या गल्लीतल्या एका इमारतीचा जिना भर दुपारी खाली आला. कुणी दगावलं नाही, पण छत्तीस कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांच्या फंडात रंगकामापुरते पैसे होते. अशा घटना राज्यभर होत होत्या. शेवटी कायदा झाला की तीस वर्षांवरच्या प्रत्येक इमारतीने पुढच्या तीस वर्षांचा राखीव निधीचा आराखडा करायचा, आणि तो अंदाजाने नाही, यंत्राच्या मोजणीवरून. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने समोसे आणले.

त्या यंत्राचं कंपनीने ठेवलेलं नाव लांबलचक होतं. लोकांनी त्याला 'कानोसा' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच खरं नाव झालं.

ते बसवायला शेवाळे नावाची तरुण इंजिनियर आली. मृण्मयी शेवाळे. समजावून सांगायची तिची हातोटी चांगली होती. ती म्हणाली, काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळया असतात. काँक्रीट चांगलं असतं तोवर सळईवर गंज चढत नाही, कारण त्यातला चुना तिला राखतो. पण ओल आणि हवा आत पोचली की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा मागतो. ती जागा मिळाली नाही की तो काँक्रीटला आतून फोडतो. प्रत्येक बारीक चीर पडताना एक आवाज होतो. इतका बारीक, की तो माणसाला ऐकू येत नाही.

"कानोशाला येतो," ती म्हणाली. शर्टाच्या बटणाएवढे कान होते ते. खांबांवर आणि बीमवर असे दोनशे चिकटवले. एकच आवाज चार कानांवर किती आगेमागे पोचला यावरून चीर कुठे पडली ते वीतभराच्या अंतराने सांगता येत होतं. आठ महिने यंत्र नुसतं ऐकत राहणार होतं. मग कोणता भाग कोणत्या साली दुरुस्तीला येईल, त्याला किती खर्च लागेल आणि त्यासाठी आजपासून दरमहा किती टाकावे लागतील, हे सगळं ते सांगणार होतं. शिवाय चीर पडली त्या क्षणी जवळ काय चाललं होतं, पाणी वाहत होतं की काही आपटत होतं, हेही ते नोंदवत होतं. त्यामुळे इमारतीच्या झिजेत कोणत्या घराचा किती वाटा, हेही कळणार होतं.

हा शेवटचा भाग कायद्यात सक्तीचा नव्हता. तो घ्यावा असा आग्रह माझा. जो जास्त झिजवतो त्याने जास्त भरावं, याच्याइतकं न्याय्य काय असणार, असं मला वाटलं.

शेवाळेने सोसायटीच्या ऑफिसात माझ्यासमोर बसून माहिती भरून घेतली. "काका, दोन घरांमधला स्लॅब कुणाच्या नावे धरायचा?"

"वरच्याच्या. गळतीचा दोष नेहमी वरच्याचाच असतो. पाणी काय खालून वर जातं का?"

"गळतीचं ठीक आहे. पण स्लॅब पाच इंच जाड असतो. वरचा इंच वरच्यांचा हे समजलं. खालचा इंच कुणाचा?"

"सगळा वरच्याचाच. आमच्याकडे तसा प्रघात आहे."

ती म्हणाली, की चीर स्लॅबच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हेही यंत्र सांगू शकतं, पण त्यासाठी दोन्ही बाजूंनी कान लावावे लागतील आणि खर्च दीडपट होईल. मी तो खर्च वाचवला. मिनिटबुकात तसं अभिमानाने लिहिलंही.

मग तिने प्रत्येक घराचा फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता: घरात केलेली तोडफोड, छिन्नीकाम, फॉल्स सीलिंग. होय किंवा नाही.

मी 'नाही' लिहिलं.

विसरलो नव्हतो. चौदा वर्षांपूर्वी दिव्यांच्या वायरी लपवायला मिस्त्रीने हॉलच्या स्लॅबच्या पोटात छिन्नीने लांब चर पाडला होता. त्यात हातभर सळई उघडी पडली. मी स्टुलावर चढून तिला बोट लावून पाहिलं होतं. गार, निळसर, निरोगी लोखंड. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पीओपी भरून टाकतो, शंभर वर्षं बघायला नको." तेव्हा मी सेक्रेटरी होतो, आणि महिन्यापूर्वीच १०२ वाल्यांना एसीसाठी खांब टोचला म्हणून चारशे एक रुपये दंड ठोकला होता. परवानगी मागायला गेलो असतो तर लोकांची हसून हसून पुरेवाट झाली असती. म्हणून कुणाला सांगितलं नाही, आणि चौदा वर्षांनी सांगायचं काही कारणही दिसलं नाही.

"फॉर्मवर आपल्या सीलिंगचं लिहिलंत ना?" रात्री विजयाने विचारलं.

"त्यात काय लिहायचं? दिवे आहेत ते."

"उगाच वरच्यांच्या नावे जायचं काहीतरी."

"त्याचा याच्याशी काय संबंध?"

ती गप्प बसली. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर बायको गप्प बसते ती पटलं म्हणून नव्हे, एवढं मला कळायला हवं होतं.

आठ महिन्यांनी खास सभा भरली. यंत्राचा आराखडा मी पडद्यावर दाखवला. कोणत्या वर्षी गच्ची, कोणत्या वर्षी पाण्याच्या टाक्या, कोणत्या वर्षी पश्चिमेकडचे खांब. आयुष्यात पहिल्यांदा कुणी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणालं नाही. निम्मा निधी सर्वांनी सारखा भरायचा आणि निम्मा झिजेच्या वाट्याप्रमाणे, असा ठराव मी मांडला. अनुमोदक हवा होता. भेगडे शेजारीच बसला होता. त्याने माझ्या कानाशी वाकून विचारलं, "काय हाय रे?"

"चांगलं आहे. हात वर कर," मी म्हणालो.

त्याने हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला. सूचक अच्युत देवस्थळी, अनुमोदक रघुनाथ भेगडे. मिनिटबुकात अक्षर माझंच आहे.

तळमजल्यावर, पत्रपेट्यांच्या वर, एक पडदा लागला. दर सोमवारी त्यावर चोवीस घरांचे वाटे यायचे. पैशांचा फरक खरं तर फार नव्हता, बहुतेकांना दोन-तीनशे रुपये. पण नाव आणि त्यापुढे आकडा, तोही जाता-येता सगळ्यांना दिसणारा, याने माणसं जितकी वठणीवर येतात तितकी दंडाने येत नाहीत. १०४ च्या काकूंनी मसाला कुटायचा लोखंडी खल बहिणीकडे पाठवला. चौथ्या मजल्यावरचा कथकचा क्लास बंद झाला. कुणी कुत्रा गावाला दिला, कुणी बाल्कनीतल्या पंचवीस कुंड्यांच्या चार केल्या. गणपतीत लेझीमचं पथक गेटाबाहेर खेळलं. सुट्टीत नातवंडं आली की आजी-आजोबा त्यांना दारातच लोकरी मोजे घालायचे. पाहुणे कमी झाले. मी बीमवर एकदा काठीने ठोकलं तर सोमवारी माझ्या नावापुढे शून्य पूर्णांक दोन शतांश वाढले, तेव्हा काठी मी माळ्यावर टाकली.

हे सगळं मला त्या वेळी फार चांगलं वाटत होतं. पहिल्याच वर्षात इमारतीचं आयुष्य अकरा वर्षांनी वाढलं असं यंत्राने सांगितलं. जिल्हा फेडरेशनने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

एकच घर सुधारत नव्हतं. पडद्यावर सगळ्यात वर, दर सोमवारी, ३०३.

भेगडे एका सकाळी पडद्याचा कागदावर काढलेला छाप घेऊन माझ्याकडे आला. चष्मा लावून त्याने तो टेबलावर पसरला. आमचे तिघांचे चहा झाले.

"क्वालिटी," तो शेवटी म्हणाला, "हे बरोबर हाय का?"

"म्हणजे?"

"आमच्या घराच्या नावापुढं इतरांच्या पाचपट आकडा हाय. हॉलच्या स्लॅबमधी चिरा पडत्यात म्हणतंय. बकुळीच्या उड्यांच्या टायमालाच पडत्यात म्हणतंय. एवढी काटकुळी पोरगी. पंचेचाळीस किलो वजन न्हाई तिचं. स्लॅब फोडंल ती?"

"एका दिवसाचं नाही रे. तीस वर्षांचं आहे."

"पैशाचं काय न्हाई. पैसे मी भरीन. पर तिच्यानं बिल्डिंग खराब होत्येय, हे खरं हाय का तेवढं सांग."

विजया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्याकडे बघत होती. डोक्यावर ते सीलिंग होतं, त्यातले सहा दिवे लागलेले होते. आणि मला सळई आठवली. खोटं कशाला सांगू, अगदी त्याच क्षणी आठवली. पण ती मी निळसर, निरोगी पाहिली होती, आणि माणसाला जे पाहायचं असतं ते तो चौदा वर्षं तसंच ठेवू शकतो.

"यंत्र आहे ते, भेगडे," मी म्हणालो. "त्याला ना शेजार ना नातं. ते कशाला खोटं बोलेल?"

त्याने कागदाची घडी घातली. "तू म्हणतोस म्हंजे बरोबर आसंल. कारखान्यात तू ठप्पा मारलास की मी कधी उलटून बघितलं न्हाई."

त्यानंतर त्यांनी काय काय केलं ते मला वरून ऐकू येत गेलं, म्हणजे खरं तर ऐकू येईनासं होत गेलं. आधी गादी टाकली. आवाज दबका झाला, आकडा थोडा उतरला. मग शालनवहिनींनी, भेगडेच्या बायकोने, बकुळीला शिकवायला घेतलं. तिने गुडघे वाकवले की वहिनी धावत जाऊन तिचे खांदे धरायच्या आणि ओठांवर बोट ठेवायच्या. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा. "हळू, बाळा. खाली माणसं राहतात." विजया एकदा डबा द्यायला वर गेली होती. परत आली ती बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी राहिली.

"रागावत नाहीत हो तिला," ती म्हणाली. "रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. इतकं प्रेमाने शिकवताहेत."

आठ महिने लागले. चौतीस वर्षांची सवय, पण पोरगी शहाणी होती. भेगडे भाजी घेऊन गेटातून आत आला की मी पंख्याकडे बघत बसायचो. काही होत नसे. एकदा विजया घरात नसताना मी माळ्यावरून काठी काढली आणि आकड्याची पर्वा न करता बीमवर तीनदा ठोकलं. पाच मिनिटं वाट पाहिली. मग काठी परत ठेवून दिली.

एप्रिलमध्ये ते घर सोडून गेले. तळेगावला भेगडेच्या चुलतभावाच्या आवारात दोन खोल्या होत्या, तिथे. विकायचं नंतर बघू म्हणाला, सध्या कुलूप. सामानाचा टेम्पो भरला तेव्हा शालनवहिनी खाली येऊन विजयाला काळ्या मसाल्याची बरणी देऊन गेल्या. "कुटायचं बंद केलं तेव्हाचा शेवटचा आहे हो विजयाताई, जपून वापरा," असं म्हणाल्या. बकुळ जिना उतरली ती चवड्यांवर, कठड्याला धरून. माझ्यासमोरून गेली तेव्हा मी नेहमीप्रमाणे हात वर केला. तिने मान हलवली, पण पाय जमिनीवरच होते.

गेले त्या आठवड्यात ३०३ चा आकडा खाली आला. समितीतल्या एकाने मला टाळी दिली, आणि मीही त्याला दिली.

मग पाऊस सुरू झाला आणि जुलैच्या दुसऱ्या सोमवारी ३०३ पुन्हा सगळ्यात वर गेलं. रिकामं, कुलूपबंद घर. आधी वाटलं, यंत्र बिघडलं. पुढच्या सोमवारी आकडा आणखी वाढला. घरात कुणी चालत नव्हतं, पाणी तोडलेलं होतं, आणि स्लॅब मात्र चिरतच होता.

शेवाळे ऑगस्टमध्ये आली. या वेळी तिने दोन्ही बाजूंनी कान लावायचे ठरवले. ३०३ च्या फरशीवर चार, आणि खाली चार. खालचे लावायला ती माझ्या हॉलमध्ये आली, वर बघितलं आणि थांबली.

"काका, हे फॉल्स सीलिंग कधीचं?"

"पंधरा... सोळा वर्षांचं."

तिच्या हातातल्या टॅबवर माझा फॉर्म असणारच. खांबावरून आणि भिंतीवरून वाकडेतिकडे करून तिने कान बसवले. तिसऱ्या दिवशी फोन आला. चिरा सगळ्या खालच्या इंचात पडत होत्या. वरचे चार इंच शाबूत होते.

"तिच्या उड्यांचं मग काय?" मी विचारलं. "त्याच वेळी तर चिरा पडत होत्या."

"खालचा भाग आधीच गंजाने फुगलेला होता, काका. फुगलेलं काँक्रीट जरा धक्क्याने कुरकुरतं. यंत्राने आवाज बरोबर टिपला. कारण शोधायला त्याला तुमचा फॉर्म लागत होता."

सीलिंग मी स्वतः उघडलं, मिस्त्रीला बोलावलं नाही. विजयाने स्टूल धरलं. पीओपीचा पहिला तुकडा हातात आला तो पावासारखा मऊ होता. पीओपी पावसाळी हवेतली ओल धरून ठेवतो, आणि काँक्रीटमधला चुना सळईला जसा राखतो तसा तो राखत नाही, उलट तिला खातो. हे मला नंतर शेवाळेने सांगितलं. बोटाएवढ्या जाडीची सळई होती, ती आता पेन्सिलीएवढी उरली होती, आणि तिच्याभोवती गंजाचे पापुद्रे सुटत होते. मी त्याच जागी बोट लावलं. बोट लाल झालं. स्टुलावरून खाली उतरायला मला विजयाचा हात लागला, आणि खाली उतरून मी रडलो. बहात्तराव्या वर्षी, हातात पीओपीचा तुकडा घेऊन.

"आता काय करणार?" तिने विचारलं.

"सभेत सांगणार."

"सभेत सांगा. पण ते काही सभेत राहत नाहीत."

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मी उभा राहून सगळं सांगितलं. चर, सळई, फॉर्म, 'नाही'. खजिनदारपद सोडतो म्हणालो. मला वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. चारशे एक रुपयांचा दंड भरलेले १०२ वाले तरी उठतील. तेही म्हणाले, "जाऊ द्या हो देवस्थळी, जुनी गोष्ट." झिजेचा तेवढा वाटा २०३ च्या नावे वळता करावा, ३०३ ने जास्त भरलेली रक्कम परत द्यावी, आणि तुमच्याशिवाय हा आराखडा कुणाला कळतो, म्हणून खजिनदारपद सोडू नये, असे तीन ठराव झाले. तिन्ही एकमताने मंजूर. सगळे दबक्या पावलांनी उठले, खुर्च्या उचलून ठेवल्या, कुणी सरकवली नाही. इमारत आता माझ्यापेक्षा चाळीस वर्षं जास्त जगणार आहे.

चेक घेऊन मी तळेगावला गेलो. विजया आली नाही. "तुमचं तुम्ही सांगा," म्हणाली.

बैठी दोन खोल्यांची जागा, पुढे शहाबादी फरशीची पडवी, अंगणात पेरूचं झाड. भेगडे पडवीत खाटेवर बसला होता. मी त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"मी तुला तवा विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"सळई तू बघितली होतीस?"

"बोट लावून."

"मग ठप्पा कसा मारलास, क्वालिटी?"

मी चेकचं पाकीट खाटेवर ठेवलं. त्याने ते उघडलं नाही, उशीखाली सरकवलं.

"भांडायला माझ्यात जोर न्हाई राहिला," तो म्हणाला. "आता ऐक. हितं जमीन हाय. खाली कुणी न्हाई. आलो त्या दिवशीच तिला म्हटलं, मार उड्या, किती मारायच्या तेवढ्या. शालननं सांगितलं. मी सोता मारून दाखवल्या, या गुडघ्यांनी. पायाला काय कळंल म्हणून रोज सांजच्याला चपला काढून बसतो मी हितं."

"मग?"

"बघ की तूच."

बकुळ चहा घेऊन आली. कपबशी दोन्ही हातांत धरलेली, पावलं चवड्यांवर. मला पाहून हसली. "काका," म्हणाली. तिला आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता. माझ्या हातात हल्ली काठी असते. मी ती फरशीवर तीनदा ठोकली.

ती थांबली. क्षणभर तिचे गुडघे वाकले, मी ते स्पष्ट पाहिलं. भेगडेनेही पाहिलं असावं, कारण त्याने पायांचे दोन्ही तळवे फरशीवर घट्ट टेकवले.

तिने कपबशी खाटेच्या कडेला ठेवली, माझ्याजवळ आली आणि काठी माझ्या हातातून काढून घेतली. आवाज होऊ नये म्हणून ती घडी केलेल्या गोधडीवर आडवी ठेवली. मग ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे वाकली.

"हळू, काका," ती म्हणाली. "खाली माणसं राहतात."

मी चहा प्यायलो. त्यात काही पडलेलं नव्हतं. कप खाली ठेवताना मीही आवाज होऊ दिला नाही.